चिकटलेला पॉइंट

विजयश्री माझ्या दुकानात पहिल्यांदा आली ती भांडायलाच.

दिघीत माझं टायपिंगचं दुकान आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, नावात बदल, असलं सगळं मी करून देतो. त्या दिवशी सकाळी तिचा नवरा ज्ञानेश येऊन गेला होता. चाकणच्या एका कंपनीत बायकोच्या हाताला अपघात झालाय, अर्ज करायचाय म्हणाला. त्याने सांगितलं तसं मी टाइप केलं: 'काम करत असताना चुकून हात मशीनमध्ये गेल्याने उजव्या हाताची दोन बोटे निकामी झाली.' या कारखान्यांच्या पट्ट्यात बसून हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की त्यासाठी डोकं लागत नाही. ज्ञानेश कागद घेऊन गेला, आणि तासाभराने त्याची बायको तोच कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

तीस-बत्तीसची, उंच, सावळी. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. कागद तिने डाव्या हाताने काउंटरवर आपटला.

"हे तुम्ही लिहिलंय का?"

"हो."

"चुकून म्हंजे काय? तुम्ही होतात का तिथं?"

"ताई, तुमच्या मिस्टरांनी सांगितलं तसं…"

"ते टेम्पो चालवतात. ते बी नव्हते तिथं. मी होते. माझा हात जिथं जायचा तिथंच गेला होता. मशीन चुकून खाली आलं. तसं लिहा."

मी म्हणालो, "अहो, मशीन आपोआप कसं खाली येईल?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला खुर्चीत सरकून बसावंसं वाटलं. "सगळे हेच विचारायलेत," ती म्हणाली. "नवरा हेच, सायेब हेच, आता तुम्ही बी. माझी बोटं गेली आणि येडी बी मीच."

मग तिने सांगितलं. सांगताना बसली नाही.

ती मूळची धाराशिव जिल्ह्यातल्या कळंबकडची. बारावी सायन्स झालेली. लग्नानंतर नऊ वर्षांपूर्वी इकडे आली, आधी दिघीत आणि मग चऱ्होलीत एका खोलीत राहिली. चार वर्षांपासून ती चाकणजवळच्या त्या कंपनीत प्रेसवर होती. दुचाकींना लागणाऱ्या लोखंडी पट्ट्या तिथे वाकवायचे. प्रेस म्हणजे माणसापेक्षा उंच सांगाडा. खाली साचा, त्याला डाय म्हणतात. वर खाली-वर होणारा लोखंडाचा जड ठोकळा. बाईने पत्र्याचा तुकडा डायमध्ये ठेवायचा, हात बाहेर काढायचे आणि दोन टोकांची दोन हिरवी बटणं दोन हातांनी एकदम दाबायची. ठोकळा खाली येतो, पत्रा वाकतो, ठोकळा वर जाऊन थांबतो. मग हात घालून वाकलेला तुकडा काढायचा, नवा ठेवायचा. एका शिफ्टला चार हजार वेळा. बटणं दोन का, तर दोन्ही हात बटणांवर असले की आत एकही हात राहत नाही.

अपघाताच्या आधीच्या शनिवारी तिच्या प्रेसने बटणं सोडल्यावरही दोनदा पुन्हा ठोका मारला होता. तेव्हा हात बाहेर होते म्हणून वाचले. तिने दिग्विजय साहेबाला सांगितलं. हा त्या शेडचा उत्पादन बघणारा, चाळिशीचा, गोड बोलणारा माणूस. तो म्हणाला, "सोमवारी बघू. आता लाइन थांबवली तर वर मी काय सांगू? तू सांभाळून चालव." सोमवारी कुणी बघितलं नाही. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीआधी तिने बटणं दाबली, पत्रा वाकला, ठोकळा वर गेला. तिने बटणं सोडली, उजवा हात आत घातला, आणि ठोकळा पुन्हा खाली आला. शेजारच्या प्रेसवरच्या गवराबाईंनी धावत येऊन लाल बटण मारलं म्हणून पंजा वाचला. अंगठ्याजवळचं आणि मधलं, अशी दोन बोटं गेली.

ती शुद्धीवर यायच्या आत कंपनीचा माणूस हॉस्पिटलमध्ये ज्ञानेशची सही घेऊन गेला होता. फॉर्म भरायला लागतो म्हणाला. त्या कागदावर लिहिलं होतं की कामगाराने एक बटण तुकडा खोचून दाबून ठेवलं होतं आणि एका हाताने मशीन चालवत होती. निष्काळजीपणा.

"काही बाया करतात तसं," ती म्हणाली. "खोटं न्हाई बोलत. टार्गेट पुरं व्हायना म्हणून करतात. मी कधी नाही केलं. पण समजा केलं. एक बटण खोचलेलं धरा. दुसरं दाबायला डावा हात लागणार की नाही? माझा डावा हात तेव्हा नवा पत्रा उचलायलेला. गवराबाईंनी पाह्यलंय. उजवा आत, डाव्यात पत्रा. मग दुसरं बटण कुणी दाबलं? सांगा ना."

मी तो कागद फाडला आणि तिने सांगितलं तसा नवा टाइप केला. पैसे घ्यायची माझी हिंमत झाली नाही. तिने टेबलावर ठेवलेच.

त्यानंतर ती दर दोन-चार दिवसांनी यायची. कुठे अर्ज द्यायचा, कोणत्या तारखेला काय उत्तर आलं, सगळं मी लिहायचो, कारण तिला डाव्या हाताने लिहिता येत नव्हतं. कंपनीकडून एकच उत्तर यायचं: मशीन तपासलं, मशीन चांगलं आहे. आणि मशीन खरंच चांगलं होतं. अपघातानंतर चार दिवसांनी त्याच प्रेसवर दुसरी बाई बसवली होती आणि एकदाही जास्तीचा ठोका पडला नव्हता. ज्ञानेश तिला म्हणाला, "बघ. मशीन नीट चालतंय. आता सोड. ते तुला स्टोअरमध्ये बसवतो म्हणतायत." त्यावरून दोघांचं इतकं भांडण झालं की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली.

मग भिवा आला.

भिवा त्या कंपनीत ठेकेदारीवर इलेक्ट्रिशियन होता. अपघाताला पंधरा दिवस झाल्यावर एका दुपारी तो चऱ्होलीला तिच्या खोलीवर गेला आणि दारातच उभा राहिला. पुढचं मला दोघांनीही सांगितलंय, आणि दोघांचं सांगणं जुळतं. खिशातून त्याने औषधाच्या गोळ्यांची रिकामी डबी काढली. डबीत कापूस, कापसात काडेपेटीहून लहान असा प्लॅस्टिकचा पारदर्शक ठोकळा. आत तांब्याची तार गुंडाळलेली दिसत होती.

"हे तुमच्या मशीनचं आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी बदलायला लावलं. जुनं भंगारात टाक म्हणाले. मी टाकलं नाही."

"काय आहे हे?"

"रिले."

"काय करतो?"

"बटण दाबल्यावर मशीन चालू करतो. सोडल्यावर बंद करतो."

ती म्हणाली, "आणि यानं बंद केलं नाही."

भिवाने होकाराची मान डोलावली.

"हा कुणी बसवला?"

"मी."

"तुला माहीत होतं असं होतंय म्हणून?"

"माहीत होतं," भिवा म्हणाला.

तिने जवळचा पाण्याचा स्टीलचा पेला उचलून त्याच्यावर फेकला. डाव्या हाताला सवय नव्हती. पेला दाराच्या चौकटीला लागला. भिवा हलला नाही. ती म्हणाली, "बस खाली. पहिल्यापासून सांग. उघडून दाखव."

"हा नाही उघडायचा," भिवा घाईने म्हणाला. "आत पॉइंट चिकटलाय. जोरात आपटलं तरी सुटेल, आणि सुटला की कुणाला काही दाखवता येणार नाही. मी भोसरीतून दुसरा आणलाय. तस्साच आहे. तो उघडतो."

त्याने नव्या रिलेच्या कडेला ब्लेड घातलं आणि वरचं झाकण टक्कन उचकटलं. तार गुंडाळलेली कॉइल, तिच्या डोक्यावर एक लोखंडी पत्ती, पत्तीला लागलेली केसाएवढी बारीक स्प्रिंग, आणि पत्तीच्या टोकाला चांदीचा ठिपका. समोर तसाच दुसरा ठिपका. दोघांच्या मध्ये नखाच्या जाडीएवढी फट.

"तुम्ही दोन्ही बटणं दाबता," भिवा म्हणाला, "तेव्हा या कॉइलमध्ये करंट येतो. कॉइलचं लोहचुंबक होतं. ते पत्तीला ओढतं. पत्ती खाली आली की हे दोन पॉइंट एकमेकांना टेकतात. टेकले की पुढचा करंट जातो, प्रेसचा क्लच लागतो आणि ठोका पडतो. बटणं सोडली की लोहचुंबक मेलं. स्प्रिंग पत्तीला मागे ओढते. पॉइंट सुटतात. मशीन थांबतं. एवढंच."

तिने डाव्या अंगठ्याने पत्ती दाबली. बारीक टक् आवाज झाला. सोडली. टक्. पुन्हा दाबली, पुन्हा सोडली. भिवा सांगतो, ती तसं बराच वेळ करत होती आणि तिच्या तोंडाकडे बघायची त्याची छाती नव्हती.

"मग चिकटतं कामून?"

"पॉइंट सुटताना दर वेळी बारीक ठिणगी पडते. चार हजार वेळा टेकायचं, चार हजार वेळा सुटायचं. पॉइंट जळत जातो. एक दिवस वितळून समोरच्याला धरून बसतो, वेल्डिंग केल्यासारखा. मग स्प्रिंगच्या बापाला तो सुटत नाही. तुम्ही बटणं सोडलेली असतात, पण मशीनला वाटतं अजून दाबलेलीच आहेत."

"आणि मग सगळ्या प्रेसवाल्यांचे हात असेच जातात का?"

भिवा म्हणाला, "नाही. प्रेसला वेगळा रिले असतो. सेफ्टीचा. त्यात असे दोन रिले एकामागे एक असतात. एक चिकटला तरी दुसरा उघडतो, मशीन थांबतं. आणि एक जरी चिकटलेला असला तरी पुढचा ठोका तो सुरूच होऊ देत नाही. तुमच्या मशीनला तो होता. दिवाळीच्या आधी खराब झाला. नवीन यायला तीन आठवडे लागणार होते. साहेब म्हणाले, तोवर साधा लाव. मी लावला. नवीन आलाच नाही. मी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा म्हणाले, तुझं कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय रे?"

ती म्हणाली, "एवढ्याशा टिकलीसाठी." आणि तिने उघडलेला रिले भिंतीवर मारला.

मला वाटलं होतं की आता ती रडेल, खचेल, देवाचं नाव घेईल. असं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली, पिशवीतून पाच-सहा जुने रिले काढले आणि म्हणाली, "बघा." भिवाने भंगारातून आणून दिले होते. गुडघ्यांत रिले धरून, डाव्या हाताने ब्लेड घालून तिने एकेक झाकण उचकटलं. पहिल्याला बोट कापलं. दुसरं झाकण उडून माझ्या चहात पडलं. दुकानात भाडेकराराला आलेला माणूस बसला होता, त्यालाही तिने सोडलं नाही. "दादा, तुम्ही कुठं कामाला? मग तुम्ही बी बघा. हे टेकलं की मशीन चालू. हे सुटलं की बंद. हे बघा जळालेलं. मशीन चांगलं आहे म्हणतेत! ह्यांनी कागदावर खोटं लिहिलं तसं हे बी गुपचूप बदललं."

मी तिला विचारलं होतं की तो चिकटलेला पॉइंट खरंच चिकटलाय हे कळणार कसं. तिने भिवाकडून मीटर मागून आणला होता. दोन तारा डबीतल्या रिलेच्या दोन पायांना लावल्या. रिले कशालाच जोडलेला नव्हता, ना बॅटरी, ना बटण. तरी मीटर पीं करून ओरडला, म्हणजे आतले पॉइंट टेकलेलेच. मग तिने भिवाने दिलेल्या दुसऱ्या नव्या रिलेला तारा लावल्या. मीटर गप्प. तिने माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. तोवर मला फक्त वाईट वाटत होतं.

अर्जांचा परिणाम म्हणा किंवा गवराबाईंनी शेडमध्ये उठवलेल्या आवाजाचा म्हणा, महिनाभराने सरकारी तपासणीचे एक अधिकारी कंपनीत आले. वयस्कर, कमी बोलणारे, खिशाला दोन पेनं. विजयश्रीला बोलावणं आलं. लिहायला माणूस लागतो म्हणून तिने मला सोबत नेलं. दिग्विजयने मला दारात अडवलं, पण अधिकारी म्हणाले, "त्यांचा हात बघताय ना? बसू द्या."

गवराबाई आधीच येऊन बसल्या होत्या. पन्नाशीच्या, नऊवारी, हातात कंपनीचं ओळखपत्र. चाकणच्याच एका वाडीतल्या. त्यांनी सरळ सांगितलं, "बटनं सोडली हुती तिनं. म्या डोळ्यांनी पाह्यलं. डाव्या हातात पत्रा हुता तिच्या. आनि शनवारी बी मशीन दोनदा आपसूक खाली आलतं, तवा म्याच सायबाकडं गेले हुते तिच्यासंगं."

दिग्विजय हसून म्हणाला, "सर, दोघी मैत्रिणी आहेत."

"मैत्रीन हाय म्हनून डोळे फुटलेत व्हय माझे?" गवराबाई म्हणाल्या.

विजयश्रीने डबी काढली. कापूस बाजूला केला, रिले टेबलावर ठेवला. ती मीटर काढायला पिशवीत हात घालते तोवर दिग्विजयने रिले उचलला होता.

"हे काय? सर, हे बघा, भंगारातला रिले आहे. असे पन्नास मिळतात. हा आमच्या मशीनचा कशावरून? आणि असला तर यांच्याकडे आला कसा? ही तर चोरी झाली." असं म्हणून त्याने तो टेबलावर टाकला. टाकला म्हणजे आपटला. टप्प असा आवाज झाला.

विजयश्रीने मीटरच्या तारा लावल्या. मीटर बोलला नाही. तिने तारा काढून पुन्हा लावल्या. नाही.

दिग्विजयला त्या आपटण्याचा अर्थ माहीत होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. इंजिनियर माणूस. मला वाटतं, होता.

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिचा आवाज आला तेव्हा तो मला वाटला त्यापेक्षा खालच्या पट्टीत होता. "ह्यांनी आत्ता आपटून पॉइंट सोडवला," ती अधिकाऱ्यांना म्हणाली. "सायेब, ब्लेड आहे का?"

अधिकाऱ्यांनी शिपायाकडून ब्लेड मागवलं. तिने रिले गुडघ्यांत धरला आणि एका झटक्यात झाकण उघडलं. ती एवढ्या वेळा ते करून बसली होती की हात आता अडत नव्हता. मग पिशवीतून एक नवा रिले काढून तोही उघडला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"हा नवा. ह्याचे दोन्ही पॉइंट बघा. गुळगुळीत, गोल. आता हा. ह्या पॉइंटला खड्डा पडलाय. आणि समोरच्याला टेंगूळ आलंय. खड्ड्यातली चांदी तिकडं गेलीय. नुसतं जळालं असतं तर दोन्ही काळे झाले असते. हे काळं बी नाही, हे आत्ताच तुटल्यागत चकाकायलंय. चिकटलेलं सुटल्याशिवाय असं होत नाही. तुमच्याकडं भिंग असंल तर लावा."

अधिकाऱ्यांकडे भिंग नव्हतं. त्यांनी चष्मा काढून तो रिलेवर धरला आणि काचेतून बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "तुमचं शिक्षण किती?"

ती भडकली. "बारावी. का? बारावीला दिसायला वेगळं दिसतं का?"

"तसं नाही," ते म्हणाले. ते जरा ओशाळले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"हा ह्यांच्या मशीनचा नाही म्हणतेत ना," विजयश्री म्हणाली, "मग चला शेडमध्ये. अकरा प्रेस आहेत. अकरांचे पॅनल उघडा. आत काय बसवलंय बघा. प्रेसला साधा रिले बसवत नसतील तर मी चोर."

दिग्विजय म्हणाला, "सर, लाइन चालू आहे. थांबवता येणार नाही."

अधिकारी उठले. "थांबवा," म्हणाले.

शेडमध्ये आम्ही गेलो तेव्हा आवाजाने काही ऐकू येत नव्हतं. मग एकेक प्रेस बंद होत गेला. बायका हातमोजे काढून उभ्या राहिल्या. विजयश्रीच्या प्रेससमोर, चार नंबरच्या, भिवाला बोलावलं. त्याने पॅनलला, म्हणजे मशीनच्या वायरिंगच्या पेटीला, चावी लावली. आत पिवळा, जाडजूड, नवाकोरा सेफ्टी रिले होता. दिग्विजय अधिकाऱ्यांकडे बघून हसला.

"हा कधी बसवला?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

दिग्विजय भिवाकडेच बघत होता. भिवा जमिनीकडे बघून म्हणाला, "रुटीन मेंटेनन्समध्ये."

विजयश्री त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता त्याच्या कानाखाली बसते. तिने पट्टी सुटलेला उजवा हात वर केला, तीन बोटांचा, आणि त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

भिवा म्हणाला, "अपघाताच्या दिवशी संध्याकाळी. सहा वाजता. मालकाच्या दुसऱ्या कंपनीतून घाईने आणवला. आधी साधा होता. साहेबांनी लावायला सांगितला होता. तो टेबलावर ठेवलाय तो." आणि मग, आता थांबण्यात अर्थ नाही असं वाटल्यासारखा, तो भराभर बोलत सुटला. "फक्त चार नंबरचा बदलला, सर. बाकीचे बघा. सात नंबर बघा. नऊ नंबर बघा."

बाकीचे दहा पॅनल उघडले. सहांमध्ये साधे रिले होते. नऊ नंबरच्या प्रेसवर रुपाली नावाची एकवीस वर्षांची मुलगी बसायची, तीन महिन्यांपूर्वीच लागलेली. तिने पॅनलमधला तो छोटासा पारदर्शक ठोकळा बघितला, मग आपले दोन्ही हात बघितले, आणि तिथेच खाली बसली.

गवराबाई मोठ्याने म्हणाल्या, "आमी आज मशीनवर बसनार न्हाई. कोन बसंल तिला माझी आन हाय." कुणी बसलं नाही. दिग्विजय ओरडला, मग त्याने समजावलं, शेवटी चहा मागवला. तो चहा तसाच गार झाला.

यानंतर काय झालं ते सांगतो, म्हणजे कुणाला वाटू नये की सगळं छान झालं. अकरा प्रेस आठ दिवस बंद राहिले आणि सगळ्यांना सेफ्टी रिले लागले. अपघाताच्या अहवालातून निष्काळजीपणाचं वाक्य गेलं. तिथे 'नियंत्रण यंत्रणेतील बिघाड' असं आलं. बिघाड! जणू तो रिले स्वतःच चालत येऊन पॅनलमध्ये बसला होता. विजयश्रीने मला तो शब्द पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावला आणि दर वेळी नवी शिवी दिली. भिवाचं कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. दिग्विजयवर खटला चालू आहे म्हणतात. तो सध्या त्याच मालकाच्या दुसऱ्या कंपनीत आहे, मोठ्या हुद्द्यावर. विजयश्रीला कंपनीने स्टोअरमध्ये घेतलं, सहा महिन्यांनी कामगार कमी करायचे म्हणून पहिलं नाव तिचंच काढलं.

ज्ञानेशशी ती वर्षभर धड बोलली नाही. त्या सहीमुळे. तो बिचारा तिला डाव्या हाताने लिहायला शिकवायचा, मुलीच्या पाटीवर अक्षरं काढून द्यायचा, ती काढायची, पण बोलायची नाही. आता बोलते. पुरतं मिटलंय असं वाटत नाही.

भिवाने भोसरीत पॅनल जोडायचं छोटं वर्कशॉप टाकलंय आणि विजयश्री तिथे वायरिंग करते. बाकीच्या बोटांनी ती स्क्रू इतक्या वेगाने पिळते की बघत राहावं. भिवाला तिने माफ केलंय का, हे मी एकदा विचारलं. "माफ कशाला करायचं," ती म्हणाली. "काम करायलोत." 

दर रविवारी दुपारी गवराबाईंच्या अंगणात बायका जमतात. वेगवेगळ्या कंपन्यांतल्या, प्रेसवाल्या, कटिंगवाल्या. कुणी आळंदीकडून येतं, कुणी एकदम तळेगावकडून. विजयश्री पाटावर रिले, बटणं, मशीनचे स्विच मांडते आणि एकेक उघडत जाते. ती गोड शिकवत नाही. कुणी गप्पा मारल्या तर ओरडते. "बघा ना इकडं! हात तुमचेच जाणारेत, माझे जाऊन झालेत."

मागच्या रविवारी मी गेलो होतो. एक नवी बाई आली होती, पदर तोंडाशी धरून मागे बसलेली. सगळं झाल्यावर हळूच म्हणाली, "ताई, माझं मशीन कधीकधी दोनदा येतं. पण पॅनलला कुलूप असतंय. आमाला उघडू देत न्हाईत."

विजयश्री हातातला रिले खाली ठेवून तिच्याकडे वळली. "कधीकधी म्हंजे किती वेळा?"

"या आठवड्यात तीनदा."

"आणि तू उद्या बसणार त्याच्यावर?"

गवराबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. विजयश्री उठली, माझ्यासमोर कागद सरकवला आणि म्हणाली, "लिहा. कंपनीचं नाव, मशीनचा नंबर, तिन्ही तारखा. लवकर लिहा. सकाळी हिच्या शिफ्टच्या आधी मी गेटवर उभी राहणार आहे." मग त्या बाईकडे बघून जवळजवळ ओरडलीच, "आणि तू घाबरून राहू नकोस, नाव सांग आधी!"

बाईने नाव सांगितलं. मी लिहायला सुरुवात केली.